आमचे फादर आजारी आहेत

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. कुणाच्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) पूर्वीचे प्रमुख धर्मगुरू अतिदक्षता विभागात आहेत, कुणाचे सख्खे काका धर्मगुरू असून अंथरुणाला खिळले आहेत, तर कुणाला शाळेत शिकवणारे फादर आता कुणालाच ओळखेनासे झाले आहेत. म्हणून या वेळी संपूर्ण सदर याच प्रश्नांना दिले आहे. आजारपण ही ज्याची त्याची खासगी बाब असल्यामुळे पत्रलेखकांची, धर्मगुरूंची आणि रुग्णालयांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात पूर्वी प्रमुख धर्मगुरू असलेले फादर कर्करोगाने आजारी आहेत. आमच्या दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा त्यांनी केला आणि माझे सासरे शेवटच्या आजारात असताना ते भर पावसात रात्री स्कूटरवरून घरी आले होते. आता डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नाही. आमच्या वाडीत रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना) म्हटली जाते. परवा एका गृहस्थांनी “फादरांना शांतपणे देवाघरी जाता यावे” अशी प्रार्थना केली, तेव्हा काही जण चिडले. असे मागणे म्हणजे अविश्वास असून आपण केवळ ते पूर्ण बरे व्हावेत एवढेच मागायला हवे, असे त्यांचे म्हणणे पडले. खरे काय समजायचे? (एक भगिनी, वसई)

उत्तर : चिडलेल्या मंडळींचे फादरांवरचे प्रेम समजण्यासारखे आहे, परंतु त्यांचा मुद्दा मला मान्य नाही. बरे होण्यासाठी मागणे आणि शांत मरणासाठी मागणे या एकमेकींना खोडून काढणाऱ्या प्रार्थना नाहीत. एकच माणूस एकाच संध्याकाळी दोन्ही करू शकतो आणि घरात गंभीर आजार असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मनातल्या मनात तेच करत असतो.

बायबलमधल्या संत योहानच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय काढून पाहा. लाजरस आजारी पडला, तेव्हा मार्था आणि मरिया या त्याच्या बहिणींनी येशूला जो निरोप पाठवला तो एका वाक्याचा आहे : ज्याच्यावर तुझे प्रेम आहे तो आजारी आहे. ‘लवकर ये’ असे त्यात नाही, ‘त्याला बरे कर’ असेही नाही. भावाची अवस्था आणि येशूचे त्याच्यावरचे प्रेम एवढ्या दोनच गोष्टी त्यांनी सांगितल्या आणि पुढचे त्याच्यावर सोपवले. आपण ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो त्या फादरांच्या बाबतीत याहून नेमके शब्द मला तरी सुचत नाहीत. तुमच्या वाडीत रोझरीच्या आधी हेतू सांगताना लांबलचक भाषण करण्याऐवजी फादरांचे नाव घेऊन एवढेच म्हटले तरी पुरेसे आहे.

याचा अर्थ स्पष्टपणे काही मागूच नये असा नाही. गेथशेमाने बागेत येशूने हा प्याला माझ्यापासून दूर कर असे उघड मागितले आणि तरीही पित्याची इच्छा पूर्ण होवो असे म्हटले. संत पौलाने आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली, पण तो काटा राहिलाच. पौलाच्या सोबत्यांच्या बाबतीत तर फारच बोलकी गोष्ट घडलेली दिसते. फिलिप्पै येथील मंडळीने कैदेतल्या पौलासाठी मदत घेऊन पाठवलेला एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत पोहोचला आणि बरा झाला. देवाने त्याच्यावर दया केली आणि मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून माझ्यावरही केली, असे पौल त्या मंडळीला लिहितो. उलट तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी तो सहज सांगून जातो, की त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मी मिलेत येथे ठेवून आलो. ज्याच्या अंगावरचे रुमाल ठेवल्यावर आजारी बरे होत असे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिले आहे, त्याच पौलाला आपल्या सहकाऱ्याला आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे जावे लागले. पौलाचा विश्वास कमी पडला असे यावरून कुणी म्हटलेले नाही.

अलीकडचे उदाहरण सर्वांच्या आठवणीत असेल. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांना रोममधील जेमेल्ली रुग्णालयात दाखल केले गेले आणि पुढे दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया झाल्याचे निष्पन्न झाले. २४ फेब्रुवारीपासून व्हॅटिकनमधल्या संत पेत्राच्या चौकात रोज रात्री रोझरी सुरू झाली. ६ मार्च रोजी त्या रोझरीच्या सुरुवातीला पोप महोदयांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवण्यात आला. धाप लागलेल्या, तुटक आवाजात त्यांनी प्रार्थना करणाऱ्यांचे आभार मानले होते. २३ मार्चला ते घरी परतले, ईस्टरच्या रविवारी त्यांनी चौकातल्या लोकांना आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, त्यांचे निधन झाले. त्या रोझऱ्या फळल्या की वाया गेल्या, हा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. ज्याला आपण बरे वाटण्यासाठी देवापुढे ठेवले, त्याच माणसाला आपण मरणाच्या वेळीही देवापुढेच ठेवलेले असते.

आणखी एक गोष्ट थोड्या परखडपणे लिहितो. ‘फादर लढवय्ये आहेत, ते कर्करोगाला हरवणारच’ अशी वाक्ये आजकाल प्रार्थनेतही शिरली आहेत. ती ऐकणाऱ्या रुग्णावर त्यांचे ओझे होते. आयुष्यभर इतरांना धीर देणाऱ्या माणसाला आता स्वतःची भीती दाखवायचीही मुभा राहत नाही, कारण आपण घाबरलो तर लोकांचा विश्वास डळमळेल असे त्याला वाटू लागते. धर्मगुरू असले तरी ते आजारी माणूस आहेत. त्यांनी थकावे, चिडावे, रडावे, ‘आता पुरे’ म्हणावे, एवढे स्वातंत्र्य आपल्या प्रार्थनेने त्यांना दिले पाहिजे.

म्हणून मागायचेच असेल तर लहान आणि खऱ्या गोष्टी मागाव्यात. रात्री त्यांना दोन तास सलग झोप लागावी, तोंड आलेले असताना पेज घशाखाली उतरावी, वेदनाशामक औषधाची मात्रा डॉक्टरांना नीट साधावी, रात्रपाळीच्या परिचारिकेचा हात हलका असावा. बायबलमधल्या सिराकच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात आजाऱ्याला एकाच दमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत : देवाची प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याचे स्थान दे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे. ज्या गटात केवळ चमत्काराची भाषा चालते आणि डॉक्टर-परिचारिकांचे नावही निघत नाही, तिथे हा अध्याय एकदा मोठ्याने वाचावा असे मी सुचवीन.

आणि एक विनंती. आजार लांबला की प्रार्थना आटत जाते. पहिल्या आठवड्यात अंगण भरते, तिसऱ्या महिन्यात चार म्हाताऱ्या उरतात. रोजची रोझरी झेपत नसेल तर आठवड्यातून एक दिवस ठरवा, पण तो मोडू नका.

प्रश्न : फादर माझे मोठे दीर. त्यांना आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) द्यावा असे घरातल्या काहींना वाटते, परंतु माझ्या सासूबाई घाबरतात. फादरांना तेल लावले की आता शेवटच, अशी त्यांची समजूत आहे. शिवाय ज्यांनी स्वतः शेकडो लोकांना हा संस्कार दिला त्यांना तो देणार कोण, असा भाबडा प्रश्नही घरातल्या मुलांनी विचारला. (एक वाचक, विरार)

उत्तर : मुलांचा प्रश्न मुळीच भाबडा नाही. कोणत्याही धर्मगुरूला स्वतःचा तैलाभ्यंग स्वतः करता येत नाही. त्यासाठी दुसरा धर्मगुरू किंवा बिशप लागतो, कारण हा संस्कार देण्याचा अधिकार धर्मगुरू आणि बिशप यांनाच आहे. आयुष्यभर ज्यांनी दिले त्यांना अखेर दुसऱ्याच्या हातून घ्यावे लागते, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे, त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि प्रभूच्या नावाने त्याला तेल लावावे, असे सांगितले आहे. धर्मगुरूंना यातून वगळल्याचे तिथे कुठेही दिसत नाही.

सासूबाईंची भीती मात्र सहजासहजी जाणारी नाही, कारण ती अनुभवातून आली आहे. त्यांच्या लहानपणी हा संस्कार बहुधा माणूस अगदी शेवटच्या घटका मोजत असतानाच दिला जात असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले, की हा केवळ मरणोन्मुख माणसांचा संस्कार नाही. आजारामुळे किंवा म्हातारपणामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला, की तो घेण्याची योग्य वेळ आलेलीच असते. पुढे ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याचा सुधारित विधी घालून दिला. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो, आजार बळावला तर पुन्हा घेता येतो आणि बरे होऊन माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला तरी पुन्हा घेता येतो. तैलाभ्यंग घेतल्यानंतर वर्षानुवर्षे जगलेली माणसे तुमच्याच धर्मग्रामात सापडतील. सासूबाईंची त्यांच्याशी गाठ घालून द्या, माझ्या स्पष्टीकरणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

विधी पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. पवित्र आठवड्यात बिशप आपल्या धर्मगुरूंसह जे तैलाशीर्वादाचे मिस्साबलिदान (मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करतात, त्यात आजाऱ्यांसाठीच्या तेलालाही आशीर्वाद दिला जातो. प्रथम धर्मगुरू काही न बोलता आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि मग कपाळाला व हातांना ते तेल लावतात. जुन्या रोमन विधीत एक बारकावा होता. इतरांच्या तळहाताला तेल लावले जाई, पण आजारी व्यक्ती धर्मगुरू असेल तर हात पालथे करून मागच्या बाजूला लावले जाई, कारण गुरुदीक्षेच्या वेळी त्यांचे तळवे आधीच अभिषिक्त झालेले असत. आज सुया टोचून काळेनिळे पडलेले फादरांचे हात पाहताना हा तपशील घरच्यांना ठाऊक असावा, म्हणून मुद्दाम लिहिला.

शक्य असेल तर फादर शुद्धीवर असतानाच हा विधी करा, म्हणजे त्यांना स्वतः ‘आमेन’ म्हणता येईल. शुद्ध हरपली असली तरी हा संस्कार देता येतो, कारण शुद्धीवर असते तर त्यांनी तो मागितलाच असता, हे गृहीत धरायला त्यांच्या बाबतीत काहीच अडचण नाही. मरणाच्या अगदी समीप आलेल्या माणसासाठी जो खास संस्कार आहे तो वेगळा : ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्साबलिदानातली पवित्र भाकर, शेवटच्या प्रवासाची शिदोरी म्हणून. घसा साथ देत नसेल तर भाकरीचा अगदी छोटा कण पाण्याच्या घोटाबरोबर देतात, किंवा पवित्र द्राक्षारसाचा एखादा थेंब. याविषयी तिथल्या धर्मगुरूंशी आधीच बोलून ठेवावे, ऐनवेळी धावपळ होत नाही.

प्रश्न : आमचे फादर हयात आहेत. त्यांच्या नावाने मिस्साबलिदान अर्पण करायला दिले तर ते अशुभ ठरेल, असे शेजारीण म्हणते. (एक वाचक, वसई)

उत्तर : अजिबात नाही. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, ९०१ व्या कलमानुसार धर्मगुरू कुणाही जिवंत किंवा मृत व्यक्तीसाठी मिस्साबलिदान अर्पण करू शकतात. आजाऱ्यांसाठीच्या खास प्रार्थना तर मिस्साग्रंथातच आहेत. आपल्याकडे मिस्साबलिदानाचे हेतू (ते कुणासाठी अर्पण करायचे ते) बहुतेक मृतांसाठी दिले जातात, म्हणून ही गैरसमजूत पसरली असावी. देणगीची ऐपत नसेल तर तसे सांगायलाही संकोच करू नका. गरजूंच्या हेतूंसाठी देणगी नसली तरी मिस्साबलिदान अर्पण करावे, अशी शिफारस कॅनन लॉमध्येच केलेली आहे.

प्रश्न : आमच्या युवकांच्या व्हॉट्सॲप गटावर अतिदक्षता विभागातला फादरांचा फोटो आला. नळ्या लावलेल्या, डोळे मिटलेले. त्याखाली ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा, फादर बरे होतील’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी तर ते गेल्याचीच बातमी फिरली आणि ती खोटी निघाली. फोटो पाहून लोक जास्त प्रार्थना करतात, असे काही जण म्हणतात. आम्ही काय भूमिका घ्यावी? (एक युवक, पालघर जिल्हा)

उत्तर : फोटो काढून टाकायला सांगा, आणि सांगणाऱ्याने गटात सांगावे, कानात नव्हे. अंगावर धड कपडा नसलेल्या, शुद्धीवर नसलेल्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीविना दाखवणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा भंग आहे, मग हेतू कितीही पवित्र असो. पोप फ्रान्सिस रुग्णालयात असताना जगाने पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला तो त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित करून पाठवला म्हणून. काय ऐकवायचे आणि काय दाखवायचे हे रुग्णाने ठरवायचे असते.

अकरा जणांना संदेश पाठवण्याने फादर बरे होतील, असे मानणे ही प्रार्थना नव्हे. ती अंधश्रद्धा आहे आणि कॅथलिक चिन्हे चिकटवल्याने तिचे स्वरूप बदलत नाही. हा संदेश पाठवणाऱ्या आजीबाईंना मात्र कुणी टोचून बोलू नये. त्यांना बहुधा काहीतरी करायचे असते आणि हातात तेवढेच असते. त्यांना संदेशाऐवजी रोझरीचे एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा जप, म्हणायला सांगा, त्या आनंदाने म्हणतील.

खोट्या निधनवार्तेबद्दल एकच उपाय आहे. फादरांच्या घरचा किंवा धर्मगुरू निवासातला एक माणूस ठरवून घ्यावा आणि त्याच्याकडून आल्याशिवाय गटावर काहीही टाकू नये. त्या दिवशी फादरांच्या वृद्ध बहिणीला किती जणांनी फोन करून सांत्वन केले असेल, याची कल्पना युवकांना एकदा करायला लावा.

प्रश्न : मी फादरांची पुतणी. निवृत्तीनंतर आजारपणात ते आमच्याच घरी राहायला आले आहेत. येणारे लोक त्यांच्या पलंगाभोवती उभे राहून मोठमोठ्याने प्रार्थना म्हणतात. काकांना ते सहन होत नाही. परवा सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, “मला आता प्रार्थना करवत नाही गं.” ज्यांनी पन्नास वर्षे इतरांना प्रार्थना शिकवली त्यांच्या तोंडून हे ऐकून मी हादरले. त्यांचा विश्वास डळमळला असेल का? (एक भगिनी, नंदाखाल परिसर)

उत्तर : तुमच्या काकांनी हे तुम्हाला सांगितले, यातच त्यांचा तुमच्यावर किती भरवसा आहे ते दिसते. त्यांचा विश्वास डळमळला आहे असे मला वाटत नाही. ताप, वेदना, मॉर्फिनसारखी औषधे आणि अपुरी झोप यांमुळे माणसाला वर्तमानपत्रातले चार ओळींचे वृत्तही धड वाचता येत नाही, मग पन्नास वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ म्हटलेली स्तोत्रे मनात कशी टिकणार? आणि धर्मगुरूंच्या बाबतीत हे अधिक बोचते, कारण रोजची प्राहरिक प्रार्थना, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायची स्तोत्रे आणि वाचने, हे त्यांचे व्रत असते. ते मोडले असे त्यांना वाटत राहते. गंभीर आजारात ते बंधन माणसावर राहत नाही, हे त्यांना धर्मशास्त्र म्हणून ठाऊक असते, पण मनाला पटत नाही. त्यांच्या ओळखीच्या एखाद्या धर्मगुरूंकडून ते त्यांना प्रत्यक्ष ऐकवा. पुतणीपेक्षा सहकाऱ्याचा शब्द इथे चालेल.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या त्या पक्षाघाताने आजारी माणसाची आठवण काढा, ज्याला चौघांनी छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडले. तो स्वतः काही बोलल्याचे तिथे लिहिलेले नाही. येशूने उचलून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे मात्र स्पष्ट लिहिले आहे. काकांना प्रार्थना करवत नसेल तर ती आता तुमची पाळी आहे, आणि ती त्यांच्या कानाशी ओरडून करण्याची गरज नाही.

करता येण्यासारखे बरेच आहे. त्यांचे प्राहरिक प्रार्थनेचे पुस्तक काढा आणि रात्री झोपण्यापूर्वीची प्रार्थना त्यांच्याजवळ बसून हळू आवाजात वाचा. ती सर्वांत छोटी असते आणि त्यातली शिमोनाची स्तुती, हे प्रभू, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे या अर्थाची, त्यांना तोंडपाठ असणार. ओठ हलले नाहीत तरी वाचत राहा. त्यांनी हात वर केला तर थांबा. रोझरी त्यांच्या हातात ठेवा, पण म्हणा असा आग्रह धरू नका.

त्यांना बसता येत असेल आणि इच्छा असेल, तर घरी बसूनही मिस्साबलिदान अर्पण करण्याची मुभा आजारी व वृद्ध धर्मगुरूंना कॅनन लॉच्या ९३० व्या कलमाने दिली आहे. लोकांसमोर तसे करायचे असेल तर मात्र बिशपांची परवानगी लागते. एखाद्या तरुण धर्मगुरूला बोलावून त्यांच्यासोबत सहार्पण (दोघांनी मिळून मिस्साबलिदान) करता आले तर शब्दांचा भार त्याच्यावर राहील. स्टूल, पांढरे कापड, दोन मेणबत्त्या, स्टोल (धर्मगुरू गळ्यात घालतात ती पट्टी), आणि हात थरथरत असतील तर कप धरायला शेजारी माणूस, एवढी तयारी पुरते.

भेटायला येणाऱ्यांसाठी दारावरच वेळ लिहून लावा, दुपारी चार ते पाच, एका वेळी दोघे. लोक रागावतील, रागावू द्या. शिष्टाचार म्हणून त्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे : पलंगाशी उभे राहू नये, खुर्ची ओढून बसावे, म्हणजे झोपलेल्या माणसाला मान वर करावी लागत नाही. प्रार्थना म्हणायची का, हे आधी विचारावे. ‘नको’ म्हणाले तर मनातल्या मनात म्हणावी.

वापरायच्या साध्या वस्तूही प्रार्थनेइतक्याच महत्त्वाच्या असतात. आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे येशूसंघीय (जेझुइट) फादर स्टॅन स्वामी यांना २०२० मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी अटक झाली, तेव्हा कंपवातामुळे त्यांना हातात पेला धरता येत नव्हता आणि तळोजा कारागृहात त्यांना स्ट्रॉ व सिपर मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्यासाठी देशभर प्रार्थना झाल्या, पण माझ्या मनात पहिल्यांदा येतो तो तो सिपर. काकांच्या उशाशी असा एक पेला आहे ना, हे आजच पाहा.

प्रश्न : मी हिंदू असून अहिल्यानगर जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक आहे. मिशनच्या वसतिगृहात राहून शिकलो. आमचे तेव्हाचे फादर आता फार आजारी असल्याचे कळले. मी रोज देवघरात त्यांच्या नावाने दिवा लावतो. हे त्यांना चालेल का, की तुमच्या धर्माप्रमाणे वेगळे काही करायला हवे? प्रवास झेपत नसल्याने भेटायला जाणे शक्य नाही. (एक वाचक)

उत्तर : गुरुजी, दिवा जरूर लावत राहा. तुमच्या फादरांना तो चालेल का, असे विचारता, तर ज्यांनी तुम्हाला वसतिगृहात ठेवून घेताना तुमचा धर्म आड येऊ दिला नाही, त्यांना तो आता का आड यावा? कॅथलिक प्रार्थना तोंडपाठ करण्याची काही गरज नाही. तुम्ही ज्या शब्दांत रोज प्रार्थना करता त्याच शब्दांत त्यांचे नाव घ्या.

तुमच्या जिल्ह्याला हे नवे नाही. मूळचे स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर यांनी तिथल्या दुष्काळी गावांत पाणलोट विकासाचे जे काम उभे केले, त्यात राबलेल्या हातांचा धर्म कुणी विचारला नव्हता. आमच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबाबतीतही तेच दिसले. वसईचे पर्यावरण वाचवण्यासाठीच्या हरित वसई चळवळीत त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरलेले लोक सर्व धर्मांचे होते. धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ते साऱ्या मराठी वाचकांचे फादर झाले होते. दीर्घ आजारानंतर २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, त्या दिवशी हळहळलेल्यांपैकी कितीतरी जण चर्चची पायरी कधी न चढलेले होते.

धर्मगुरूंच्या आयुष्याची एक बाजू आम्हा कॅथलिकांच्याही लक्षात राहत नाही, ती तुमच्या पत्रामुळे लिहितो. काही वर्षांनी त्यांची बदली होते. एका ठिकाणी बाप्तिस्मा दिलेली मुले, दुसऱ्या ठिकाणी लग्न लावलेली जोडपी, तिसऱ्या ठिकाणी शिकवलेले विद्यार्थी, असे त्यांचे आयुष्य चार-सहा गावांत विखुरलेले असते. आजारपणात निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात पडून असताना आजूबाजूला असतात ते बहुधा शेवटच्या नेमणुकीतले लोक. आधीच्या तीस-चाळीस वर्षांचे साक्षीदार तिथे नसतात. त्यांच्या अन्नपाण्याची आणि उपचारांची सोय करणे धर्मप्रांतावर किंवा त्यांच्या संघावर बंधनकारक आहे आणि ती होतेही, परंतु १९७० च्या दशकात वसतिगृहाच्या विहिरीवर मुलांना पोहायला शिकवणारे फादर कसे होते, हे सांगू शकणारा माणूस त्या खोलीत कुणीच नसतो.

ते तुम्ही सांगू शकता. तुम्हाला जाता येत नसेल तर त्यांना पत्र लिहा. ‘लवकर बरे व्हा’ एवढेच लिहू नका. त्यांनी तुम्हाला कोणता धडा कसा शिकवला, वसतिगृहात कोणत्या दिवशी काय शिजत असे, कुणाला मार बसला आणि कुणाला माफी मिळाली, तुम्ही पुढे किती मुलांना शिकवलेत, ते सविस्तर लिहा. तुमच्या बरोबरच्या चार-पाच विद्यार्थ्यांनाही लिहायला सांगा आणि दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक पत्र जाईल असे बघा, सगळी एकदम नकोत. अक्षर मोठे ठेवा, कारण पत्र बहुधा एखादी सिस्टर किंवा तिथला सेवक त्यांना वाचून दाखवील आणि त्यांना चष्मा सापडेलच असे नाही. पाकिटावर फादरांच्या नावाखाली निवासाच्या प्रमुखांचेही नाव घाला, म्हणजे ते थेट खोलीपर्यंत पोहोचेल. शेवटी तुम्ही रोज त्यांच्यासाठी दिवा लावता, तेही लिहा.